रोजची पन्नास ग्रॅम अमिनो आम्ले मूत्रपिंड परत कशी मिळवते

लघवीच्या साध्या तपासणीचा रिपोर्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात घेतलेला असतो. अल्ब्युमिन निल, शुगर निल, मग पस सेल्स, एपिथेलियल सेल्स वगैरे. त्या कागदावर अमिनो आम्लांची ओळ नसते, म्हणून त्यांचा विचारही कोणी करत नाही. प्रत्यक्षात चोवीस तासांत आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे ५० ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून गाळली जातात आणि लघवीच्या वाटेला लागतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण तेवढीच प्रथिने लागतात. म्हणजे ही अमिनो आम्ले तशीच निघून गेली, तर डाळ, दूध, अंडी, मासे यांतून दिवसभरात जे मिळवले ते सगळे बाहेर. तसे होत नाही, कारण गाळलेल्यापैकी ९८-९९ टक्के अमिनो आम्ले मूत्रपिंड पुन्हा रक्तात आणून सोडते. हे काम ते कसे करते आणि त्यातला एखादा दुवा निखळला की काय होते, ते इथे नीट पाहू.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. प्रथिने, अमिनो आम्ले आणि युरिया या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना आपण तिन्हींना 'प्रोटीन' म्हणून मोकळे होतो. प्रथिन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची लांब साखळी. अल्ब्युमिन हे रक्तातले असेच एक मोठे प्रथिन; ते सहसा गाळणीतून पलीकडे जात नाही. लघवीत अल्ब्युमिन सापडू लागले, लघवीला फेस येऊन तो टिकू लागला, तर बहुतेक वेळा गाळणीच बिघडलेली असते. मधुमेहात आणि रक्तदाबात डॉक्टर जे पाहतात ते हे. अमिनो आम्ले मात्र इतकी छोटी असतात की ती गाळणीतून पाण्याबरोबर सहज पार होतात, निरोगी माणसातही, दर मिनिटाला. ती लघवीत जास्त प्रमाणात दिसली तर बिघाड गाळणीत नसतो, परत घेण्यात असतो, किंवा रक्तातच त्यांचा महापूर आलेला असतो.

राहिला युरिया. जिममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: जास्तीचे प्रोटीन लघवीतून निघून जाते. त्या वाक्यात थोडे तथ्य आहे, पण वाट चुकलेली आहे. गरजेपेक्षा जास्त आलेल्या अमिनो आम्लांमधला नायट्रोजन यकृत वेगळा करते आणि त्याचा युरिया बनवते. उरलेला कार्बनचा सांगाडा ऊर्जेसाठी जाळला जातो किंवा साखरेत, चरबीत रूपांतरित होतो. मूत्रपिंड जे बाहेर टाकते तो युरिया. अख्खी अमिनो आम्ले फेकून द्यायला निरोगी मूत्रपिंड कधीच तयार नसते, तुम्ही पावडरचे कितीही डबे संपवा.

आता गाळण्याकडे वळू. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून अधिक, मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता आणि त्याला जोडलेली एक लांब नलिका. या गुंत्यातून रक्ताचा पातळ भाग, म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेले छोटे रेणू, नलिकेत उतरतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. असा गाळ मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर तयार होतो. आपण लघवी करतो ती दीड-दोन लिटर. शरीरातला रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, एकूण तीन लिटरच्या आसपास असतो; तो दिवसभरात साठ वेळा गाळला जातो. या गाळात अमिनो आम्लांखेरीज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज आणि जवळजवळ दीड किलो मीठ असते.

इतके सगळे बाहेर काढून पुन्हा आत घेण्याचा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न मला या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दिवाळीआधी माळा साफ करताना जाणती बाई एकेक नको असलेली वस्तू शोधत बसत नाही. ती सगळे सामान खाली उतरवते, हवे ते पुसून पुन्हा वर ठेवते आणि उरलेले भंगारात घालते. मूत्रपिंडाची रीत तीच आहे. या रीतीचा मोठा फायदा असा, की टाकाऊ काय आहे ते ओळखण्याची गरज पडत नाही. आपण उद्या एखादे नवे औषध घेतले, किंवा पूर्वी कोणाच्याच शरीरात न गेलेले एखादे रसायन पोटात गेले, तरी ते छोटे आणि विरघळणारे असेल तर गाळात उतरते. त्याला परत नेणारे कोणी नाही म्हणून ते बाहेर पडते. ओळखावे लागते ते फक्त हवे असलेले. हव्या असलेल्या गोष्टींची यादी छोटी आणि कोट्यवधी वर्षे जुनी आहे: पाणी, क्षार, ग्लुकोज, फॉस्फेट, जीवनसत्त्वे आणि वीस-पंचवीस अमिनो आम्ले.

गाळणे आणि परत घेणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, याचा प्रत्यक्ष पुरावा बेडकाने दिला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ वेर्न आणि आल्फ्रेड रिचर्ड्स या दोघांनी १९२४ मध्ये काचेची अतिशय बारीक नळी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका गाळणीच्या कोषात घातली आणि तिथला थेंब ओढून घेतला. त्या थेंबात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे ती वाटेत कुठेतरी परत घेतली गेली होती.

ही वाट सुरू होते तिथेच बहुतेक काम उरकते. नलिकेचा पहिला नागमोडी भाग, ज्याला प्रॉक्झिमल ट्यूब्यूल म्हणतात, लांबीला जेमतेम दीड सेंटीमीटर असतो. अमिनो आम्ले जवळपास सगळी इथेच परत जातात, त्यातलीही बरीचशी पहिल्या काही मिलिमीटरांत. या भागाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पोकळीच्या बाजूला प्रत्येक पेशीवर बोटांसारख्या हजारो सूक्ष्म उंचवट्यांची दाट रांग दिसते. तिला ब्रश बॉर्डर म्हणतात. तिच्यामुळे पेशीचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. पेशीच्या दुसऱ्या अंगाला, रक्तवाहिनीच्या बाजूला, लांबट मायटोकाँड्रिया उभ्या रांगांत खच्चून भरलेले असतात. ऊर्जा तयार करणारे हे घटक इतक्या दाटीने जिथे असतात, तिथे काहीतरी कष्टाचे काम चाललेले असणार हे नुसते बघूनच कळते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जितका ऑक्सिजन वापरते त्यातला सात ते दहा टक्के ती खातात.

ते कष्टाचे काम म्हणजे सोडियम उपसणे. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. ऊर्जेचा एक रेणू, म्हणजे एटीपी, खर्च करून तो तीन सोडियम पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधला, १९५७ मध्ये. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यासाठी त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप अखंड चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम अगदी कमी असते, बाहेरच्या साधारण एक दशांश. शिवाय पेशीच्या आतला विद्युतभार बाहेरच्या तुलनेत ऋण असतो. त्यामुळे नलिकेतल्या गाळातल्या सोडियमची पेशीत घुसण्याची ओढ फार तीव्र असते. रासायनिक ओढ आणि विद्युत ओढ, दोन्ही आतल्याच दिशेने.

पण सोडियमला पेशीपटलातून आपल्या आपण जाता येत नाही. त्याला वाहक प्रथिन लागते. आणि त्यातल्या अनेक वाहकांची अट अशी, की सोडियमबरोबर अमिनो आम्लही आत यायला हवे. वाहकाच्या एका खोबणीत सोडियम बसते, शेजारी अमिनो आम्ल बसते, मग प्रथिनाचा आकार पालटतो, नलिकेकडची बाजू मिटते आणि पेशीकडची उघडते. दोघे आत पडतात. पेशीच्या आत त्या अमिनो आम्लाचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त असले तरी ते आत जाते, कारण त्याला सोडियमची ओढ लाभलेली असते. वाहक स्वतः एटीपी वापरत नाही. खर्च आधीच झालेला आहे, पेशीच्या पलीकडच्या बाजूला, पंपापाशी. सोडियमच्या जोरावर दुसरा रेणू आत ओढून नेता येतो ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत आतड्यातल्या ग्लुकोजसाठी मांडली होती. मूत्रपिंडालाही ती तंतोतंत लागू पडली.

प्रत्येक अमिनो आम्लासाठी स्वतंत्र वाहक नसतो, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच वाहकही नसतो. सारख्या स्वभावाच्या आम्लांचे गट असतात. ल्यूसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन अशा विद्युतभार नसलेल्या आम्लांचा मोठा गट 'बी-झिरो-एटी-वन' नावाचा वाहक नेतो. ग्लुटामेट आणि अॅस्पार्टेट या ऋणभारित आम्लांचा वाहक निराळा. पेशीच्या आत ग्लुटामेटचा साठा आधीच भरपूर असल्याने त्याला आत ढकलायला एका सोडियमची ओढ पुरत नाही. हा वाहक एका रेणूमागे तीन सोडियम आणि एक हायड्रोजन आयन आत आणतो, शिवाय एक पोटॅशियम बाहेर सोडतो. ग्लायसिन आणि प्रोलिनसाठी आणखी काही वाहक आहेत, त्यांची कामे एकमेकांत मिसळलेली आहेत. नलिकेच्या सुरुवातीला असतात ते वाहक एका वेळी भरपूर माल नेणारे. शेवटच्या टप्प्यात असतात ते संख्येने कमी, पण अगदी विरळ उरलेले रेणूही पकडणारे.

बी-झिरो-एटी-वनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा वाहक एकटा पेशीच्या पृष्ठभागावर टिकत नाही, त्याला जोडीदार लागतो. मूत्रपिंडात तो जोडीदार कोलेक्ट्रिन नावाचे प्रथिन असते. आतड्यात हेच काम एसीई-टू करते. कोरोनाचा विषाणू ज्याला चिकटून पेशीत शिरतो तेच हे एसीई-टू. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या संशोधकांनी अख्ख्या एसीई-टूची रचना पहिल्यांदा टिपली, ती बी-झिरो-एटी-वनशी जोडलेल्या अवस्थेत. जगभर त्या चित्राकडे विषाणूच्या संदर्भात पाहिले गेले, पण त्यात मध्यभागी अमिनो आम्लांचा वाहक बसलेला होता.

तिसरा गट मला सगळ्यांत जास्त सांगावासा वाटतो, कारण या साऱ्या विषयाची सुरुवातच त्याच्यापासून झाली, आणि तीही एका मुतखड्यापासून.

लंडनमध्ये विल्यम वोलास्टन नावाचे रसायनतज्ज्ञ मूत्राशयातले खडे गोळा करून तपासत असत. नॉर्विचच्या एका डॉक्टरांनी त्यांना असाच एक खडा दिला. तो त्या डॉक्टरांच्या भावाच्या पोटातून तो पाच वर्षांचा असताना काढलेला होता. पिवळसर, चमकदार, मेणासारखा. नेहमीच्या कोणत्याही खड्याशी त्याचे रासायनिक गुण जुळेनात. वोलास्टन यांनी १८१० मध्ये रॉयल सोसायटीपुढे तो नवा पदार्थ म्हणून मांडला. पुढे त्याला सिस्टिन हे नाव मिळाले. आज आपल्याला माहीत आहे की सिस्टिन हे अमिनो आम्ल आहे. केस, नखे, शिंगे यांच्या प्रथिनांत ते भरपूर असते. पण ते प्रथिनांत असते हे कळायला १८९९ साल उजाडावे लागले. म्हणजे जवळपास नव्वद वर्षे हा पदार्थ वैद्यकाला फक्त आजारी माणसांच्या खड्यांतून ठाऊक होता.

१९०८ मध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांनी जन्मजात चयापचय दोषांवर लंडनमध्ये जी व्याख्याने दिली, त्यांत चार आजार होते आणि सिस्टिन्यूरिया, म्हणजे लघवीत भरमसाट सिस्टिन जाण्याचा आजार, त्यातला एक. त्यांची समजूत अशी, की या लोकांच्या शरीरात सिस्टिनचे पुढचे विघटन होत नाही, म्हणून ते साठते आणि लघवीत उतरते. पटण्यासारखे स्पष्टीकरण होते. ते खोटे ठरले ते एका कागदामुळे. १९४० च्या दशकात पेपर क्रोमॅटोग्राफी आली. गाळणकागदाच्या कोपऱ्यात लघवीचा थेंब ठेवायचा, कागदाची एक कड द्रावकात बुडवायची, द्रावक कागदभर चढला की कागद वाळवून, फिरवून दुसऱ्या द्रावकात धरायचा. प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या वेगाने सरकून ठरलेल्या जागी थांबते. मग निनहायड्रिन फवारून कागद गरम केला की रिकाम्या दिसणाऱ्या कागदावर जांभळे ठिपके उमटतात. फक्त प्रोलिनचा ठिपका पिवळा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले चार्ल्स डेंट हे ठिपके वाचण्यात तरबेज होते. सिस्टिन्यूरियाच्या रुग्णांच्या लघवीत त्यांना सिस्टिनबरोबर आणखी तीन ठिपके गडद दिसले: लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन. आणि याच रुग्णांच्या रक्तात यांपैकी काहीच वाढलेले नव्हते. रक्तात वाढलेले नाही आणि लघवीत मात्र भरमसाट, याचा अर्थ एकच. दोष चयापचयात नव्हता, मूत्रपिंडाच्या परत घेण्यात होता. आणि चारही आम्ले एकदम सांडत होती म्हणजे चौघांची वाट एकच असणार. डेंट आणि रोझ यांनी १९५१ मध्ये हे मांडले, तेव्हा एकही वाहक प्रथिन कोणी पाहिलेले नव्हते. ते प्रथिन दोन तुकड्यांचे निघाले. एकाचे जनुक सिस्टिन्यूरियाशी जोडले गेले १९९४ मध्ये, दुसऱ्याचे १९९९ मध्ये. निव्वळ ठिपके पाहून काढलेला निष्कर्ष पन्नास वर्षांनी जनुकांनी जसाच्या तसा खरा ठरवला, याचे मला आजही नवल वाटते.

हा वाहक सोडियमबरोबर काम करत नाही. तो अदलाबदल करतो: सिस्टिन किंवा लायसिनसारखे धनभारित आम्ल आत घेतो आणि पेशीतले एखादे भारहीन आम्ल बाहेर नलिकेत सोडतो. बाहेर सोडलेले ते आम्ल पुढे बी-झिरो-एटी-वन सोडियमच्या ओढीने पुन्हा आत आणतो. म्हणजे फिरून फिरून खर्च सोडियम पंपावरच येतो. आत गेलेल्या सिस्टिनचे लगेच दोन तुकडे होतात, दोन सिस्टेइन. त्यामुळे पेशीच्या आत सिस्टिन कधी साठत नाही आणि बाहेरून येणाऱ्याला जागा राहते.

हा वाहक जन्मतः निकामी असेल तर चारही आम्ले लघवीत जातात. लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन पाण्यात छान विरघळतात, निमूट निघून जातात. सिस्टिन विरघळत नाही, आणि सगळा त्रास एवढ्यावरून होतो. नेहमीच्या आम्लतेच्या एक लिटर लघवीत जेमतेम २५० मिलिग्रॅम सिस्टिन मावते. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत ते ३० मिलिग्रॅमही नसते. सिस्टिन्यूरियाच्या रुग्णाच्या लघवीत हजार मिलिग्रॅम असू शकते. हिशोब सरळ आहे: हजार मिलिग्रॅम विरघळलेले ठेवायचे तर चार लिटर लघवी व्हायला हवी. तेवढी होत नाही, मग स्फटिक बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहण्यासारखे असतात. सपाट, पारदर्शक, अगदी काटेकोर षटकोनी पत्रे, कधी एकावर एक चढलेले. लघवीत असा एक जरी षटकोन दिसला तरी निदान जवळपास पक्के, कारण दुसरे काही असे दिसत नाही.

जगभरात सरासरी सात हजारांत एकाला हा आजार असतो. मोठ्या माणसांच्या मुतखड्यांत एक-दोन टक्के खडे सिस्टिनचे असतात, लहान मुलांत हे प्रमाण सहा ते आठ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्यांना होणारा मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, त्याच्याशी याची गल्लत करू नये. सिस्टिनचा खडा एक्स-रेवर फिकट दिसतो, बाहेरून लहरी सोडून फोडायला चिवट असतो, आणि काढला तरी पुन्हा होतो. उपचार वरच्या हिशोबातूनच निघतात. रोज तीन लिटरांहून जास्त लघवी होईल इतके पाणी प्यायचे, झोपण्यापूर्वी प्यायचे आणि रात्री उठून पुन्हा प्यायचे, कारण पहाटेची लघवी सगळ्यांत दाट असते. पोटॅशियम सायट्रेट घेऊन लघवी अल्कधर्मी ठेवायची. साडेसातच्या वर पीएच गेला की सिस्टिन जास्त विरघळते. मीठ कमी करायचे. लोणचे, पापड, वेफर्स, फरसाण इथे खरोखर नडतात, कारण सोडियम जास्त उत्सर्जित होते तेव्हा सिस्टिनही जास्त जाते. एवढ्याने भागले नाही तर टायोप्रोनिन किंवा पेनिसिलामिन. ही औषधे सिस्टिनची जोडी फोडून अर्ध्या तुकड्याशी स्वतः जोडून घेतात, आणि तो नवा जोड पाण्यात कितीतरी जास्त विरघळतो.

इथे कोणालाही प्रश्न पडेल: लायसिन तर अत्यावश्यक अमिनो आम्ल, शरीराला ते बनवता येत नाही. रोज इतके सांडते, शिवाय हाच वाहक आतड्यातही असतो आणि तिथेही तो निकामीच. मग या रुग्णांना लायसिनची कमतरता का होत नाही? उत्तर आतड्यात आहे. आपण खाल्लेले प्रथिन पूर्ण सुटे होऊनच शोषले जाते असे नाही. दोन-दोन, तीन-तीन अमिनो आम्लांच्या छोट्या जोड्याही एका वेगळ्या वाहकाने आतड्याच्या पेशीत जातात आणि तिथे सुट्या होतात. एक वाट बंद पडली तरी या दुसऱ्या वाटेने भागते.

ही सोय सगळ्याच दोषांत उपयोगी पडत नाही, आणि त्यातून पेशीच्या दोन बाजूंमधला फरक लख्ख दिसतो. आतापर्यंत आपण नलिकेतून पेशीत जाण्याबद्दल बोललो. पेशीतून पलीकडे रक्तात उतरायला निराळे वाहक लागतात. त्यातला लायसिन आणि आर्जिनिन बाहेर सोडणारा वाहक बिघडला तर जो आजार होतो, तो १९६५ मध्ये फिनलंडमध्ये वर्णिला गेला आणि आजही तिथे इतर देशांपेक्षा जास्त आढळतो. या मुलांत छोट्या जोड्यांची वाट कामाची ठरत नाही, कारण जोड्या पेशीत शिरून सुट्या झाल्यावर रक्तात जायला शेवटी तोच बिघडलेला वाहक लागतो. लायसिन पेशीत अडकते. आर्जिनिन आणि ऑर्निथिन रक्तात कमी पडतात, आणि युरिया बनवण्याच्या चक्रात यकृताला तेच दोघे हवे असतात. त्यामुळे अंगावरचे दूध तुटून मूल वरचे खाऊ लागले, प्रथिने वाढली, की रक्तातला अमोनिया चढतो, उलट्या होतात, मूल मलूल पडते. ही मुले मांस, दूध, अंडी आपणहून नाकारतात. त्यांना सिट्रुलिन दिले जाते, कारण ते भारहीन असल्याने दुसऱ्या वाटेने रक्तात पोचते आणि यकृतात त्याचे आर्जिनिन होते.

प्रवेशाच्या बाजूचा दुसरा प्रसिद्ध दोष म्हणजे हार्टनप आजार. डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये लंडनच्या एका कुटुंबात तो पाहिला आणि त्या कुटुंबाच्या आडनावाने तो ओळखला जातो. उन्हात गेल्यावर त्वचेवर लाल, खवले सुटणारे चट्टे, चालताना अधूनमधून तोल जाणे, आणि लघवीत भारहीन अमिनो आम्लांचा लोंढा. वर उल्लेखलेला बी-झिरो-एटी-वन यात बिघडलेला असतो. त्याचे जनुक २००४ मध्ये सापडले. आम्ले बरीच जातात, पण जाणवते ते ट्रिप्टोफॅनचे जाणे. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर साधारण एक मिलिग्रॅम नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की पेलाग्रा होतो.

पेलाग्रा दख्खनला परका नाही. हैदराबादच्या संशोधनशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये जवळजवळ फक्त ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब माणसांतला पेलाग्रा अभ्यासला. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते, मग हा आजार का? ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसिनमुळे ट्रिप्टोफॅन आणि नायसिनचे गणित बिघडते, असे त्यांनी मांडले. तिथे दोष ताटात होता, हार्टनपमध्ये तो वाहकात असतो. त्वचेवर उमटणारे चट्टे मात्र एकाच जातीचे. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक-दूध असले की ज्वारीने काही बिघडत नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. हार्टनपच्या दोषाचेही तसेच. चांगले जेवण मिळणाऱ्या बहुतेकांना आपल्यात हा दोष आहे याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही, आणि ज्यांना त्रास होतो त्यांना निकोटिनामाइडच्या गोळ्यांनी बरे वाटते.

काही वेळा एखादा वाहक नव्हे, तर नलिकेचा तो अख्खा पहिला भागच आजारी पडतो. मग अमिनो आम्ले, ग्लुकोज, फॉस्फेट, बायकार्बोनेट सगळेच सांडू लागते. याला फँकोनी सिंड्रोम म्हणतात. रक्तातली साखर नेहमीइतकीच असताना लघवीत साखर दिसली तर डॉक्टरांच्या मनात हे यायला हवे. अर्थात ग्लुकोज मुद्दाम लघवीत सोडणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे चालू नाहीत ना, हे आधी विचारून. कारणे अनेक आहेत: काही जन्मजात आजार, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी साठी दिले जाणारे टेनोफोविर, कर्करोगावरचे आयफोस्फामाइड, शिसे आणि कॅडमियम. कॅडमियमचा धडा जपानने फार महाग घेतला. तोयामा प्रांतात खाणीतले कॅडमियम जिन्झू नदीत मिसळत राहिले, तेच पाणी भातखाचरांत गेले, तोच भात पिढ्यान् पिढ्या खाल्ला गेला. नलिका निकामी झाल्या, फॉस्फेट वाहून गेले, हाडे ठिसूळ झाली आणि प्रौढ बायकांची हाडे खोकल्याच्या उबळीनेही मोडू लागली. वेदनेच्या ओरडण्यावरून लोकांनी त्याला इताई-इताई म्हटले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला आजार म्हणून मान्य केला.

उलट, लघवीत अमिनो आम्ल जास्त आणि मूत्रपिंड मात्र ठणठणीत, असेही होते. फिनाइलकीटोन्यूरियात फिनाइलअॅलनिनचे विघटन होत नाही, रक्तात त्याची पातळी इतकी चढते की सगळे वाहक कामाला लागूनही काही उरतेच. नवजात बाळांत आणि गरोदर बायकांत काही अमिनो आम्ले लघवीत थोडी जास्त जातात. बाळात नलिका अजून पक्व झालेल्या नसतात आणि गरोदरपणात गाळणेच वाढलेले असते. म्हणून अमिनो आम्लांचा रिपोर्ट वाचताना रक्त आणि लघवी शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागते.

हे सगळे वाचून घरात कोणी उठून तपासणी करून घ्यावी असा माझा हेतू नाही. पण एका बाबतीत आपण फार ढिलाई करतो. मूल किंवा विशीतला तरुण मुतखड्याने तळमळतो, खडा पडतो किंवा काढला जातो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि खडा कचऱ्यात जातो. तो जपून ठेवावा आणि रासायनिक तपासणीला द्यावा. लहान वयात झालेला, वारंवार होणारा, किंवा भावंडांत चालत आलेला खडा असेल तर हे करायलाच हवे. सिस्टिन्यूरिया बहुतेक वेळा आई आणि वडील अशा दोघांकडूनही दोषी जनुक आले तरच होतो. मामेबहिणीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, तिथे ही शक्यता वाढते. एका मुलाला तो निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमवून तिच्यातले सिस्टिन मोजले की पुरते, आणि पहिला खडा होण्याआधी ते कळले तर पाण्याची सवय तेव्हापासूनच लावता येते.